हायड्रोजन: गुणधर्म, उपयोग आणि लोकांना पडणारे प्रश्न

हरित हायड्रोजनच्या बातम्या वाढल्यापासून प्रश्नही वाढलेत. काही दहावीच्या मुलांचे असतात, काही शेअर बाजारात पैसे टाकू पाहणाऱ्यांचे, तर काही मुलाच्या वाढदिवसाला फुगे आणणाऱ्या आईवडिलांचे. उत्तरं सोपी ठेवली आहेत. आकडे मात्र गाळलेले नाहीत, कारण या विषयात आकड्यांशिवाय बोलणारा माणूस बहुतेक वेळा काहीतरी विकायला आलेला असतो.

हायड्रोजन म्हणजे नेमकं काय?

आवर्तसारणीतलं पहिलं मूलद्रव्य. अणुक्रमांक १, अणुवस्तुमान १.००८. केंद्रकात एक प्रोटॉन, बाहेर एक इलेक्ट्रॉन, बस्स. नेहमीच्या हायड्रोजनमध्ये न्यूट्रॉनसुद्धा नसतो. सुटा अणू फार वेळ एकटा राहत नाही, दुसऱ्याशी जोडी जमवतो. म्हणून वायुरूपात आपल्याला मिळतो तो दोन अणूंचा रेणू.

सारणीत त्याला कुठे बसवायचं, हा जुना वाद आहे. एकच इलेक्ट्रॉन असल्यामुळे त्याला सोडियम-पोटॅशियमच्या डोक्यावर बसवतात, पण तो त्यांच्यासारखा धातू नाही. एक इलेक्ट्रॉन घेतला की त्याचं कवच पूर्ण होतं, त्यामुळे क्लोरीनच्या बाजूलाही तो शोभला असता. शाळेच्या तक्त्यातली त्याची जागा बरीचशी सोयीची आहे.

त्याला रंग, वास, चव आहे का?

तिन्ही नाहीत. विषारीही नाही. बंद जागेत खूप साठला तर प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस गुदमरू शकतो, पण अशा ठिकाणी आगीची काळजी त्याच्या आधी करायची.

लक्षात ठेवावेत असे भौतिक गुणधर्म कोणते?

पहिला हलकेपणा. शून्य अंशाला एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२९ किलो भरतं, तेवढ्याच हायड्रोजनचं ०.०९ किलो. म्हणजे हवेपेक्षा तो जवळपास १४ पट हलका. उणे २५३ अंश सेल्सिअसला त्याचा द्रव होतो आणि उणे २५९ला तो गोठतो. द्रव झाला तरी हलकाच राहतो: एक लिटर द्रव हायड्रोजन जेमतेम ७१ ग्रॅम.

दुसरा गुण म्हणजे उष्णता वाहून नेण्याची क्षमता. हवेच्या सुमारे सातपट. याचा एक उपयोग पुढे येईल, तो बहुतेकांना माहीत नसतो.

तिसरा गुण कारखानदारांना छळणारा. रेणू इतका लहान की जिथून दुसरा वायू गळत नाही तिथून हा गळतो, आणि काही प्रकारच्या पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. नैसर्गिक वायूची जुनी पाइपलाइन उद्यापासून हायड्रोजनला जशीच्या तशी वापरू, असं कुणी म्हणालं तर आधी पोलादाची प्रत विचारावी.

विश्वात सर्वांत मुबलक, मग हवेत का नाही?

सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम करतो आणि तरी त्याच्याकडे अब्जावधी वर्षांचा साठा आहे. आपल्या हवेत मात्र दहा लाख भागांत अर्धा भाग. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण इतक्या हलक्या रेणूला धरून ठेवायला पुरत नाही. मोकळा सुटलेला हायड्रोजन एकतर वातावरणातच कशाशी तरी संयोग पावतो, नाहीतर वर जाऊन अवकाशात निसटतो.

जो उरलाय तो बांधलेला आहे. पाण्याच्या वजनात ११ टक्के हायड्रोजन आहे. खनिज तेल, लाकूड, साखर, तूप सगळ्यांत आहे. माणसाच्या वजनाचा दहावा हिस्सा तोच.

जमिनीखाली मोकळा हायड्रोजन काही ठिकाणी सापडतो. आफ्रिकेतल्या माली देशात बुराकेबुगू गावी १९८७ मध्ये पाण्यासाठी बोअर मारली, तर पाण्याऐवजी वारा येऊ लागला. सिगारेट ओढणारा एक जण त्यावर वाकला आणि भडका उडाला. बोअर बंद केली गेली. पुढे बऱ्याच वर्षांनी तपासलं तेव्हा तो जवळपास ९८ टक्के हायड्रोजन निघाला, आणि त्यावर गावात वीज केली गेली. तेव्हापासून जगभर असा शोध चालू आहे, पण मोठ्या प्रमाणावर परवडेल असा साठा हाती लागेपर्यंत हुरळून जायचं कारण नाही.

शोध कुणी लावला?

धातूवर आम्ल टाकून निघणारा पेटणारा वायू त्याआधीही लोकांनी पाहिला होता, पण तो वेगळाच पदार्थ आहे हे १७६६ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवलं. नाव दिलं ते फ्रान्सच्या लव्हाझियेने. ऑगस्ट १७८३ मध्ये जाक चार्ल्सने पॅरिसहून हायड्रोजनचा फुगा सोडला. तो गोनेस गावात उतरला आणि घाबरलेल्या गावकऱ्यांनी त्याला अक्षरशः भोसकून फाडला. नव्या तंत्रज्ञानाचं स्वागत तेव्हाही असंच होत होतं.

तो इतका पेट का घेतो?

हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात मिसळला तरी हायड्रोजन पेटू शकतो. एलपीजीसाठी ही मर्यादा साधारण २ ते ९.५ टक्के आहे. ठिणगीही क्षुल्लक पुरते: पेट्रोलच्या वाफेला लागते तिच्या दहाव्या हिश्श्याएवढी. नायलॉनच्या कपड्यांतल्या स्थिर विजेनेही काम होतं.

ज्योत दिवसा दिसतच नाही, ही आणखी एक पंचाईत. धूर नाही, काजळी नाही, पिवळा उजेड नाही. पूर्वी नासाच्या केंद्रांवर कामगार गळतीची शंका आली की झाडू पुढे धरून चालत. झाडू पेटला की समजायचं, पुढे आग आहे.

जळल्यावर फक्त पाण्याची वाफ होते हे शुद्ध प्राणवायूच्या बाबतीत खरं. हवेत प्रखर तापमानाला जाळला तर हवेतल्याच नायट्रोजनचे ऑक्साइडही थोडे तयार होतात. इंधनघटात, म्हणजे फ्यूएल सेलमध्ये, तो न जळता वीज देतो, तिथे हा त्रास नाही.

मग एलपीजीपेक्षा जास्त धोकादायक आहे का?

जागेवर अवलंबून आहे. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की ओट्याखाली, फरशीवर पसरून बसतो. हायड्रोजन सरळ वर पळतो, म्हणून उघड्यावर तो पांगून जातो आणि त्या अर्थी तिथे बरा. छत बंद असेल तर तोच वर साचतो. हायड्रोजन हाताळणाऱ्या शेडला छताच्या सर्वांत उंच भागात हवा जायला वाट ठेवतात ती यासाठीच.

एलपीजीला मुद्दाम घाण वास लावलेला असतो. इंधनघटाच्या हायड्रोजनला तसा लावत नाहीत, कारण वासाच्या रसायनाने घटातला उत्प्रेरक बिघडतो. त्यामुळे नाकावर विसंबून चालत नाही, संवेदक बसवावे लागतात.

६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्टला हिंडेनबर्ग हे हायड्रोजन भरलेलं, प्रचंड फुग्यासारखं हवाई जहाज पेटलं, त्याचे फोटो पाहून सगळे मेले असतील असं वाटतं. जहाजावरच्या ९७ जणांपैकी ६२ वाचले. जळता वायू वर गेला हे त्यामागचं एक कारण.

जत्रेतल्या फुग्यात हाच वायू असतो का?

बरेचदा हाच. हेलियम महाग, म्हणून काही फुगेवाले जुन्या टाकीत कॉस्टिक सोडा, पाणी आणि ॲल्युमिनियमचे तुकडे टाकून जागेवर हायड्रोजन बनवतात. ही क्रिया होताना टाकी तापते, दाब वाढतो, सोडा धातूला आतून खात जातो, आणि एक दिवस टाकी फुटते. अशा स्फोटांत विक्रेते आणि भोवती जमलेली मुलं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतच असतात.

घरगुती कार्यक्रमाला फुगे मागवताना हेलियम आहे का हे स्पष्ट विचारा. उचलण्याच्या ताकदीत हेलियम हायड्रोजनपेक्षा फक्त सात-आठ टक्क्यांनी कमी आहे, पेटत मात्र अजिबात नाही. शंका असेल तर केकवरच्या मेणबत्त्या, उदबत्ती, फुलबाजी यांच्या आसपास फुग्यांचा घोस नको. असा घोस बंद मोटारीतून किंवा लिफ्टमधून नेऊ नका. खरं तर हवेचे साधे फुगे काय वाईट आहेत?

कारखान्यांना लागणारा हायड्रोजन येतो कुठून?

नैसर्गिक वायू आणि कोळशातून. २०२३ मध्ये जगाने सुमारे ९.७ कोटी टन हायड्रोजन वापरला, त्यात स्वच्छ मार्गाने बनवलेला एक टक्काही नव्हता. नेहमीची पद्धत अशी: नैसर्गिक वायू आणि वाफ ८००-९०० अंशांवर निकेलच्या उत्प्रेरकावरून सोडायची. हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड निघतं. त्या मोनॉक्साइडची पुन्हा वाफेशी गाठ घालून आणखी हायड्रोजन काढायचा. शेवटी दर किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

हरित, करडा, निळा ही काय भानगड आहे?

वायू रंगहीनच असतो, रंग त्याच्या जन्मकथेला दिलेले आहेत. वर सांगितलेला तो करडा. तोच बनवून कार्बन डायऑक्साइड जमिनीत पुरला तर निळा. अपारंपरिक विजेवर पाण्याचं विघटन करून केलेला तो हरित. अणुवीज वापरली की गुलाबी म्हणतात.

माझं मत विचाराल तर रंग सोडा आणि दर किलोमागे किती कार्बन, एवढं विचारा. भारत सरकारने २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची व्याख्या केली तीही तशीच: एक किलो हायड्रोजनमागे जास्तीत जास्त दोन किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचं उत्सर्जन.

पाण्यावर गाडी चालते का? व्हिडिओ पाहिलाय.

नाही चालत. पाणी म्हणजे आधीच जळून गेलेला हायड्रोजन. त्यातली ऊर्जा जळताना निघून गेली, ती परत घालायची तर तेवढीच वीज, वर नुकसानी धरून जास्तच, खर्च करावी लागते. बॅटरीवर पाणी फोडून निघालेला वायू इंजिनात सोडणारी किट बाजारात मिळतात. ती बॅटरी चार्ज करतं गाडीचंच इंजिन, म्हणजे शेवटी पेट्रोलच.

थोडा हिशोब करू. एक किलो हायड्रोजन पाण्यातून काढायला सिद्धान्ताने ३९.४ युनिट वीज लागते, प्रत्यक्षात ५० ते ५५. तो किलो चांगल्या इंधनघटात घातला की साधारण १७-१८ युनिट परत मिळतात. हातात उरतो तिसरा हिस्सा. हायड्रोजन ही विहीर नव्हे, घागर आहे, आणि थोडी गळकी घागर. तिच्यातून काय न्यायचं आणि किती लांब, हे ठरवूनच ती उचलावी.

मग त्याचा खरा उपयोग कुठे होतो?

आज तरी गाड्यांत नव्हे. खतात, रिफायनरीत आणि रसायनांत.

खताचं आधी सांगतो. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन एकत्र दाबून, ४००-५०० अंशांवर, लोखंडाच्या उत्प्रेरकावर अमोनिया करतात. फ्रिट्झ हाबरने प्रयोगशाळेत दाखवलं, कार्ल बॉशने कारखाना उभा केला. जर्मनीत ओप्पाऊला १९१३ मध्ये उत्पादन सुरू झालं. एक टन अमोनियाला साधारण १७८ किलो हायड्रोजन लागतो. आपल्या ट्रॉम्बे आणि थळच्या आरसीएफच्या, म्हणजे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या, कारखान्यांतून निघणाऱ्या युरियाच्या गोणीमागे हीच क्रिया आहे. जगातली जवळपास निम्मी माणसं या मार्गाने आलेल्या नायट्रोजनवर जेवतात असा अंदाज आहे.

इथे एक गोम आहे, ती भाषणांत सहसा येत नाही. युरिया बनवायला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो. एक टन युरियाला साधारण पाऊण टन. तो आज फुकट मिळतो, कारण नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढताना तो निघतोच. पाण्यापासून हायड्रोजन केला की तो मिळणं बंद. म्हणजे कारखाना हरित केला तर युरियासाठी कार्बन डायऑक्साइड दुसरीकडून आणावा लागणार. डीएपीसारख्या खतांना ही अडचण नाही, त्यांना नुसता अमोनिया पुरतो. हरित अमोनियाची सुरुवात तिथून होणं जास्त शहाणपणाचं.

रिफायनरीत हायड्रोजन इंधनातलं गंधक काढतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषणाच्या कडक निकषाचं इंधन आलं तेव्हा गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० वर आली. मुंबईतल्या माहुलच्या रिफायनऱ्यांसकट देशभरात त्यासाठी हायड्रोजन लागतो.

वनस्पती तूप हा तिसरा, घराघरांत पोचलेला उपयोग. द्रव तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन घातला की ते थिजतं. मुंबईत शिवडीला हे १९३० च्या दशकात सुरू झालं आणि डालडाचे पिवळे डबे पुढे दोन-तीन पिढ्यांच्या फडताळात राहिले, रिकामे झाल्यावर तुळस लावायलासुद्धा. अर्धवट हायड्रोजन घातल्याने ट्रान्स फॅट तयार होतं, ते हृदयाला वाईट. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे.

आता ती न माहीत असलेली गोष्ट. औष्णिक वीजकेंद्रांतल्या मोठ्या जनित्रांच्या पोटात हवेऐवजी हायड्रोजन खेळवतात. तो उष्णता पटकन वाहून नेतो, आणि इतका विरळ असतो की फिरणाऱ्या भागाला विरोध कमी होतो. ठिणग्यांच्या यंत्रात हायड्रोजन म्हटल्यावर अंगावर काटा येतो, पण आत तो ९५ टक्क्यांहून शुद्ध ठेवतात. प्राणवायूच नाही, तर पेटणार कशावर?

जड पाणी म्हणजे काय? त्याचा रायगडशी काय संबंध?

हायड्रोजनच्या साधारण साडेसहा हजार अणूंत एक अणू न्यूट्रॉन बाळगणारा, म्हणजे ड्युटेरियम असतो. १९३१ मध्ये हॅरोल्ड युरीने तो शोधला. अशा हायड्रोजनचं पाणी ते जड पाणी. काही अणुभट्ट्यांत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला ते लागतं, उदाहरणार्थ तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत.

रायगड जिल्ह्यात थळला जड पाण्याचा कारखाना खत कारखान्याच्या शेजारी आहे तो उगाच नाही. खतासाठी बनवलेला हायड्रोजनमिश्रित वायू तिथे जातो, त्यातलं ड्युटेरियम काढून घेतात आणि वायू खत करायला परत पाठवतात. शेतकऱ्याच्या युरियाला त्या एका अणूने काही फरक पडत नाही.

तिसरा भाऊ ट्रिटियम, किरणोत्सारी, अर्धायुष्य १२.३ वर्षं.

हायड्रोजन बॉम्ब म्हणजे याच वायूचा स्फोट का?

नाही. तिथे ड्युटेरियम-ट्रिटियमच्या केंद्रकांचं मीलन होतं, आणि ते पेटवायलाच आधी एक अणुबॉम्ब लागतो. टाकीतला हायड्रोजन कितीही पेटला तरी ते रासायनिक ज्वलनच. जपानच्या फुकुशिमा अणुवीजकेंद्रात मार्च २०११ मध्ये इमारतींची छतं उडाली तो हा साधा हायड्रोजन होता: तापलेल्या इंधनकांड्यांवरचा झर्कोनियम वाफेशी भिडला आणि वायू छताखाली साठला.

इस्रो हायड्रोजन कशाला वापरते?

वजनासाठी. एक किलो हायड्रोजन १२० मेगाज्यूल देतो, पेट्रोल ४४ च्या आसपास. रॉकेटमध्ये प्रत्येक किलो मोलाचा असल्याने हा फरक मोठा. इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या वरच्या टप्प्यात उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रव प्राणवायू असतो. चांद्रयान-३ त्याच टप्प्याने जुलै २०२३ मध्ये कक्षेत नेलं. या तंत्राला क्रायोजेनिक म्हणतात. या बनावटीचं स्वदेशी इंजिन जीएसएलव्ही रॉकेटवर यशस्वी उडायला जानेवारी २०१४ उजाडला, यावरून काम किती अवघड ते कळावं.

हायड्रोजनची मोटार घ्यावी का?

सध्या भरायची कुठे, हा पहिला प्रश्न. वजनाने ऊर्जा भरपूर असली तरी आकारमानाने अगदी कमी, म्हणून मोटारीत ७०० बारच्या, म्हणजे हवेच्या सुमारे ७०० पट दाबाने कोंबतात. सीएनजी २०० बारला असतो. टोयोटाच्या मिराईमध्ये ५.६ किलो मावतो, आणि टाकीचं वजन त्याच्या कितीतरी पट. द्रव करून ठेवायचा तर त्यातल्या ऊर्जेचा जवळपास तिसरा हिस्सा थंड करण्यातच जातो.

शहरातल्या मोटारीला बॅटरी सरस आहे असं मला वाटतं. तीच वीज थेट वापरली तर किलोमीटर दुपटीहून जास्त मिळतात. लांब पल्ल्याचे अवजड ट्रक, जहाजं इथे हायड्रोजन किंवा त्यापासूनचा अमोनिया टिकू शकेल. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन परिषद यांनी मिळून बनवलेली इंधनघटाची स्वदेशी बस दाखवली गेली, तीत पाषाणच्या एनसीएलचं, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं, संशोधन आहे. रेल्वेनेही हायड्रोजन गाडीसाठी हरियाणातला जिंद-सोनीपत मार्ग निवडला.

पोलाद मात्र खरंच बघण्यासारखं क्षेत्र. लोहखनिजातला प्राणवायू कोकऐवजी हायड्रोजनने काढला की कार्बन डायऑक्साइडऐवजी पाणी निघतं. स्वीडनमध्ये लुलेओला असं लोखंड २०२१ पासून तयार झालंय.

सरकारचं मिशन काय आहे? एवढं पाणी आणायचं कुठून?

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला ४ जानेवारी २०२३ रोजी मंजुरी मिळाली. तरतूद १९,७४४ कोटी रुपये, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य. महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैत आपलं धोरण आणलं, ८,५६२ कोटींचं.

पाण्याची भीती थोडी मोजून बघू. एका किलोला ९ लिटर पाणी फुटतं. ५० लाख टनांना साडेचार कोटी घनमीटर, म्हणजे सुमारे १.६ टीएमसी (अब्ज घनफूट). शुद्धीकरण, थंडावा धरून तिप्पट करा, तरी पाच टीएमसीच्या आत. एकट्या कोयनेची क्षमता १०५ टीएमसी. म्हणजे देशाच्या हिशोबात पाणी ही अडचण नाही. पण प्रकल्प दुष्काळी तालुक्यात उभा राहिला तर तिथल्या लोकांसाठी आहेच, आणि सौरऊर्जेला सोयीच्या जागा बहुधा कोरड्याच असतात.

मोठा अडसर विजेचा. त्या ५० लाख टनांना वर्षाला २६ हजार कोटी युनिटच्या आसपास वीज लागेल. मिशननेच त्यासाठी १२५ गिगावॉट नवी अपारंपरिक क्षमता गृहीत धरली आहे.

‘हायड्रोजन वॉटर’ पिण्याने फायदा होतो का?

नेहमीच्या दाबाला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त १.६ मिलिग्रॅम हायड्रोजन विरघळतो, आणि झाकण उघडलं की तोही निघायला लागतो. अभ्यास लहान आहेत, जाहिराती मोठ्या. पावट्याची उसळ खाल्ली की आतड्यातले जिवाणू याहून कितीतरी जास्त हायड्रोजन आपणहून करतात. दूध पचत नाही का हे पाहायला डॉक्टर श्वासातला हायड्रोजन मोजतात तो हाच.

घरच्या इन्व्हर्टरमधून हायड्रोजन निघतो म्हणतात, खरं का?

पाणी घालावं लागणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीतून चार्जिंगच्या शेवटी निघतो. बॅटरी बंद कपाटात किंवा देवघराखालच्या कप्प्यात ठेवू नका, वरून हवा जाईल अशी जागा द्या. पाण्याची पातळी बघायला काडी किंवा लायटर पेटवू नका. जोडण्या सोडवायच्या असतील तर आधी चार्जिंग बंद करा, खिडकी उघडा, थोडं थांबा आणि मग पाना लावा.